घोटे

दारातला अ‍ॅश गेला त्या उन्हाळ्यात.
हिरव्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी सालीखाली वाटा कोरून कोरून
विस्कॉन्सिनमधल्या त्या सबंध गल्लीवर ऊन मोकळं सोडलं.
आर्डिस टोलेफसन म्हणाली,
दुपारी दोनला खिडकीतला बिडाचा तवा
शेगडी न पेटवता तापतो.
छत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई,
फुगवून सांगणं तिला येत नाही,
म्हणून मी मान डोलावली.

नर्सरीत ती रोपांच्या रांगांकडे फिरकलीच नाही.
सरळ मागच्या अंगाला,
जिथं गोणपाटात बांधलेली मोठी झाडं
तारेच्या जाळीत आपापला गोळा धरून उभी असतात.
"हा ओक," म्हणाली. मनगट लावून पाहिलं.
बुंधा दुप्पट भरला.

मग मी ते सांगितलं
जे सांगितलेलं मालकाला आवडत नाही.
बाई, जेवढे इंच बुंधा, तेवढी वर्षं रुसवा.
मुळांचा दहातला एक वाटा येतो बरोबर,
बाकीचा तिकडेच राहतो, शेतात, पात्याखाली.
चार वर्षं हे झाड नुसतं उभं राहील,
सामान न उघडलेल्या पाहुण्यासारखं,
आणि आज करंगळीएवढं असलेलं रोप
बाराव्या वर्षी याच्या खांद्यावरून पलीकडे बघेल.

"बाराव्या वर्षी," ती म्हणाली.
एवढंच.
उत्तराखाली दोन रेघा मारतात तसं.

शनिवारी सिक्स्टो आणि मी, आणि तीनशे किलोंचा गोळा.
लोक खोल खणतात. खड्डा परातीसारखा हवा,
हंड्यासारखा नको.
झाड आत उतरलं आणि तिनं विचारलं,
"हे असं खांबासारखं सरळ मातीत का शिरलंय?"

तिला दिसलं ते.
बुंधा जमिनीशी येताना रुंदावला पाहिजे,
उभ्या माणसाची पावलं पसरतात तसा.
हा पुरलेला होता. आम्हीच पुरलेला,
दर हंगामात थोडी माती वर चढवत.
मी म्हटलं, घोटे शोधावे लागतील.

ती आत गेली, ब्रश घेऊन आली,
नाताळातल्या बटाट्याच्या पोळ्यांवरचं पीठ झटकायचा.
एक गुडघा टेकवला, दुसरा टेकवेना,
तर सिक्स्टोचा खांदा धरून बसली,
आणि माती झटकत राहिली,
चार बोटं, पाच बोटं,
तेव्हा कुठं साल बाहेरच्या बाजूला वळली.
तिथंच एक मूळ,
बुंध्याभोवती पट्ट्यासारखं आवळलेलं.

"कापलं तर दुखेल?"
आज नाही कापलं तर वीस वर्षांनी गळा धरेल.
"मग काप. वीस वर्षांनी करवत घेऊन
मी काही यायची नाही."

आळं केलं. तीन बादल्या पाणी.
स्वयंपाकघरात फ्रिजवर औषधांच्या वेळांचा तक्ता होता,
वरच्या चौकोनात ओर्विल.
तिनं नाव खोडलं नाही.
त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'ओक' लिहिलं,
आणि सोमवार, गुरुवार यांवर खुणा केल्या.

दुसऱ्या जुलैत त्या गल्लीतून गेलो,
ट्रकमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी मेपल.
ओक रुसलेलाच.
पानं इवलीशी, मोजून घ्यावीत इतकी.
सावली म्हणाल तर खुर्चीचा एक हात झाकेल एवढी,
आणि तिनं खुर्ची सावलीत सरकवलेली,
म्हणजे तो एक हात.

मी हॉर्न दिला.
तिनं वर पाहिलं नाही.
गवत कापणाऱ्या पोरानं बुंध्याशी
भुशाचा सुबक डोंगर रचून ठेवला होता,
आणि ती काठीच्या टोकानं
तो जरा जरा मागं सारत होती.