खांड

महापेला सहाव्या मजल्यावर एक खोली आहे,
दारावर पाटी नाही.
आत सोळा यंत्रं.
यंत्रं आमची, पण आत चालतं ते दुसऱ्यांचं:
उघडं, फुकट,
कुणीही यावं, वाचावं, बदलावं, घेऊन जावं असं.
आमची कंपनी ते तपासते.
किती भार सोसतं, कुठे अडखळतं,
किती वाजता मान टाकतं.
बेहेरे म्हणतात,
शत्रूचं घर खुशाल बघून या,
पाणी मात्र पिऊ नका.

अकरा वर्षं मी चुकांचा पगार खाते.
आमच्या मालात सापडली की वरचे तोंड कडू करतात,
त्यांच्या मालात सापडली
की बेहेरे सामोसे मागवतात.

परवा रात्रपाळीला त्यांचं वाचत होते, ओळ न् ओळ.
एका जागी कुणीतरी लिहून ठेवलेलं,
"हे का चालतं मला कळलेलं नाही.
कृपा करून हात लावू नका."
खाली नाव, इल्मार,
आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.
आमच्याकडे असं कुणी लिहीत नाही.
आमच्याकडे सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.
एसीच्या घरघरीत मी एकटीच हसले,
आणि हसता हसता तीन ओळी खाली
भोक दिसलं.
बोट जाईल एवढंच.

आम्ही दिव्याचे, ऐरोलीच्या.
सिडको यायच्या आधी बापूस खाजणात भात लावायचा.
तो सांगतो,
बांधाला खांड गेली असं कुणी ओरडलं
की शेत कुणाचं हे विचारायला वेळ नसे.
ज्याच्याशी कोर्टात दावा चालू
तो भाऊबंदही कंबरभर चिखलात,
हातातून हातात चिखलाची ढेकळं, पेंढा, फाटकं गोणपाट.
खारं पाणी सातबारा वाचत नाही.
पुढच्या तारखेला पुन्हा दोघे
समोरासमोरच्या बाकांवर.

बेहेरेंना दाखवलं.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
"झकास. तुलनेच्या तक्त्यात टाक, लाल रंगात.
त्यांना कळवायचं नाही.
विक्रीवाल्यांची सोमवारी बैठक आहे."
मी काही बोलले नाही तर म्हणाले, "करारातलं चौदावं कलम."
वाईट नाही माणूस.
घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता,
धाकटीचा दमा, आणि डब्यात रोज तीच दुधीची भाजी,
अर्धी मला देतो.

आता एक गोष्ट,
जी त्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे
आणि कुणी काढत नाही.
आमच्या मालाच्या पोटातही
त्यांचंच थोडं आहे. कधीतरी कुणीतरी आणलेलं.
पहाटे साडेतीनला मी ते उघडलं,
उघडायची परवानगी नव्हती.
तीच जागा.
इल्मारचं नाव पुसलेलं,
कळलेलं नाही हे पुसलेलं,
हात लावू नका हेही.
भोक तेवढं
जसंच्या तसं.

सामोसे आले होते. थंड.
तक्ता मी भरला. लाल रंगात, सांगितला तसा.
आमच्या रकान्यात काय लिहायचं
ते सुचेना, तो कोराच ठेवला.

सकाळी कंपनीच्या गाडीने नाक्यावर सोडलं.
घरी न जाता खाडीकडे गेले,
कांदळवनापलीकडे गुलाबी पक्षी एका पायावर,
चिखल उपसत.
बापूस जुन्या उघाडीपाशी बसलेला, खेकड्यांचा फग घेऊन.
शेजारी बसून मोबाईल काढला
आणि नऊ वर्षं जुन्या त्या पत्त्यावर
लिहायला लागले,
इल्मार, तुम्ही मला ओळखत नाही.
तिथेच अडले. पुसलं. पुन्हा लिहिलं.

"काय झालं गो?"
खांड गेली, म्हटलं.
कुठे, कुणाची, काही नाही.
त्याने फग बाजूला ठेवला,
पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"रुंद किती?"
मी बोट दाखवलं.
"आन् भरती कवा हाय?"