एक जून

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेल कारखान्यात
वाढदिवसांची वही माझ्याकडे असते.
पगारपत्रकावरून उतरवली तेव्हा
बेचाळीस माणसांतली एकोणीस
एक जूनला जन्मलेली निघाली,
मला धरून.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख.

ऑफिसातल्या बाकीच्यांच्या तारखा वर्षभर पसरलेल्या, ऐसपैस.
एकेकाला एकेक केक, वर नाव, क्रीमचं गुलाब.
एक जूनला एकोणीस जणांत एकच.
नाव कुणाचं घालणार? नुसतं 'हॅप्पी बर्थडे'.
वॉचमन नदाफला साखर,
त्याचा तुकडा गेटवरच्या कुत्र्याला.
तेवढ्यात सुपरवायझरची हाक: माग थांबलेत!

यंदा वही घेऊन खाली उतरलो.
खडखडाटात ओरडून विचारलं,
खरा कधीचा?

गाजूल म्हणाला, गड्ड्याची जत्रा, अक्षता पडल्या ती दुपार.
बिराजदार म्हणाला, हुरड्याचे दिवस, आई शेतातच होती.
नरसव्वा हसली.
तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला आणि मी झाले,
दिवस कुठला ते भोंग्यालाच विचारा.

लिहीत गेलो. एक जूनवर काट,
पुढं जत्रा, हुरडा, भोंगा.
माझ्या नावापुढं एक जूनच ठेवला,
विचारायला कुणी उरलं नाही.

सुशीला वडनाल मान वर न करता म्हणाली,
माझा लिहू नका.
तुटलेला धागा तिनं शोधला,
ओला केला, पिळला, जोडला.
मी काही विचारलं नाही.
रकाना कोरा.

मालकांना म्हटलं, केक बंद करा.
ज्याच्या त्याच्या दिवशी अर्धा तास आधी सुट्टी,
पगार न कापता, सगळ्यांना सारखी.
त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला.
वर्षाचे एकवीस तास?
म्हटलं, केकपेक्षा स्वस्त पडतंय, साहेब.

सुशीला एका मंगळवारी आपणच आली. आज जाऊ का?
जा म्हटलं. वहीत तारीख टाकली नाही.

आणि नरसव्वा, तिनं निवडलेल्या दिवशी,
पिशवी काखेत मारून गेटपर्यंत गेली
आणि तिथंच थांबली.
अर्ध्या तासाचं काय करतात, तिला ठाऊक नव्हतं.
नदाफनं स्टूल पुढं केलं.
ती बसली. चपला काढल्या.
रस्त्याकडं बघत म्हणाली,
या वेळेला एवढं ऊन असतंय होय?