पेन्सिलीनं, समासात

शनिवारी रात्री मी तीन माणसांशी बोलतो.
तिघं परदेशी, तिघंही वारलेले,
एकाच टीकाग्रंथात दाटीवाटीनं राहतात.
त्याचा कणा मी सायकलच्या ट्यूबनं आवळलाय.
फिलेमोन मास्तर गाव सोडताना म्हणाले होते,
यशया वाळवीनं खाल्ला, बाकी सगळं तुझं.
तेव्हापासून बोरखडीत यशयावर
मी स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो.

त्या आठवड्यात रूथचा दुसरा अध्याय होता.
मांडीवर शब्दकोश, दहाला लाइट जाणार.
सरवा म्हणजे काय, यावर एका विद्वानानं
अडीच पानं लिहिली होती:
कापणाऱ्यांच्या हातून गळलेलं धान्य,
ते उचलायचा परक्याचा, विधवेचा हक्क,
शेताचे न कापलेले कोपरे, मोशेचा नियम.
मी सगळं वहीत उतरवलं,
लाल शाईनं अधोरेखित करून.

रविवारी टिनाखाली एकतीस माणसं.
पुरुष कमीच, दारव्ह्याचा बाजार होता.
मी घसा खाकरून म्हणालो, सरवा म्हणजे...
आणि तिसऱ्या रांगेत सलोमीबाई खंडारे हसली.
तोंडाला पदर लावून, पण हसली.
परवाच ती हार्वेस्टर फिरून गेलेल्या वावरातून
सोयाबीनच्या शेंगा वेचून आली होती,
बोटांवर शेंगांची टोकं रुतलेली अजून दिसत होती.
अडीच पानं मी एकदम उलटली.

पुढे एफाभर सातू होते.
एफा म्हणजे किती, हे इथं कोणालाच ठाऊक नव्हतं,
मला होतं.
जरा छाती काढूनच सांगितलं, बावीस लिटर.
"लिटर रॉकेलाचं समजते मले.
पायल्यात सांगा ना जी."

मग रविवारशाळेच्या फळ्यावर भागाकार.
अपुल्लोस गवई, तीस वर्षं रेशन दुकानात मापं भरलेला,
डोळे मिटून माझ्या आधीच म्हणाला,
पाच पायल्या. वर अर्धी.

सलोमीबाई उभी राहिली.
आमच्याकडे उपदेशात कोणी उठत नाही,
लेकरू रडलं तरच.
"एका दिसात? एकल्या बाईनं? सरव्यात?
होत नाही जी.
चाळीस वर्सं झाली मी वेचून राह्यली.
कोनं तरी जानूनबुजून टाकलं असन तिच्यासाठी."

तिला वाचता येत नाही.
सोळावं वचन मी मुद्दामच मागे ठेवलं होतं,
शेवटी सांगून चकित करायला.
ते आता काढून वाचलं:
बवाज आपल्या गड्यांना हेच सांगत होता,
की टाका थोडं, आणि तिला बोलू नका.

टिनावर कबुतरं चालत होती.
मी विचारलं, बाई,
तुमच्यासाठी कधी कोणी टाकलं होतं?
ती खाली बसली. पदर सारखा केला.
म्हणाली, पुढचं वाचा.

रात्री मी पुन्हा त्या तिघांकडे गेलो.
एकानं लिहिलंय, धान्य बरंच होतं.
दुसऱ्याला नक्कल करणाऱ्याची चूक वाटते.
तिसरा त्या ओळीवर काही बोलतच नाही,
त्याला पुढच्या वंशावळीची घाई.
त्यांना नावं कशाला ठेवू?
बावीस लिटर त्यांनीच मला दिले,
ते नसते तर ती उभी तरी का राहिली असती.

समासात जागा थोडी होती.
पेन्सिलीला टोक केलं, बारीक अक्षरात लिहिलं:
पाच पायल्या, वर अर्धी. एका दिवसात होत नाही.
कोणीतरी टाकलंय.
खाली नाव: स. खंडारे.

मे महिन्यात माझी बदली आहे.
ग्रंथ इथंच राहील, ट्यूबसकट.
येणारा पाळक एखाद्या शनिवारी
मांडीवर शब्दकोश घेऊन या पानाशी येईल
आणि शोधत बसेल,
हे खंडारे कोणत्या सेमिनरीचे.