बत्तीसशे फेऱ्या

झेन्सव्हिलमध्ये मे महिन्यात गवत
रात्रीतून बोटभर वाढतं,
आणि आठ इंचांवर गेलं की
दारात नगरपालिकेचं पिवळं पत्र.
डेल्बर्ट स्टकीला ते परवा आलं.
कुंपणाशी येऊन त्याने एवढंच विचारलं,
तुझे हात स्थिर असतात ना?

असतात. मी दिवसभर गोळ्या मोजते,
पाच-पाचच्या ढिगांनी,
त्याच्याही.

मशीन कधीकाळी लाल असावं.
दोरी ओढली की चढायचं, चढायचं,
मग धाप लागल्यासारखं खाली यायचं,
पुन्हा चढायचं.
शिकार करतंय, तो म्हणाला,
इकडे असंच म्हणतात त्याला.
मला मात्र वाटलं, चष्मा हरवलाय
आणि घरभर शोधतंय.

गव्हर्नर बिघडलाय.
गव्हर्नर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे राजभवन,
हिरवळ, शपथा, आणि महिनोन्‌महिने अडलेल्या सह्या.
हा तसा नाही. हा तेलात बसून
दोन वजनं गरगर फिरवतो.
वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात,
दांड्याला ढकलतात, पेट्रोलचं दार लोटतात.
बाहेरून एक स्प्रिंग तेच दार
उघडं ठेवायला ओढत असते.
दोघांच्या भांडणात जे उरतं
तो वेग.

नट ढिला कर, तो म्हणाला. काढू नकोस, ढिला.
आता दार सताड उघड, बोटाने धरून ठेव.
आता तो खाचेचा दांडा फिरव
अडेपर्यंत.
कुठल्या बाजूला, ते तो म्हणाला असेल;
तेवढ्यात रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.

मी फिरवला. आवळला. दोरी ओढली.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.
शेडची काच थरथरली,
खिळ्यांचा डबा फळीवरून चालत निघाला,
आणि बंद करायची दांडी
ह्या माणसाने कधीच तारेने बांधून टाकलेली.
मी नुसती उभी.
डेल्बर्टने फावडं उचललं,
लाकडी मुठीने प्लगवरची पट्टी दाबली.
पहिल्या फटक्यात नाही, तिसऱ्या.
मग इतकं शांत झालं
की शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून पाहिलं.

इथेच घोडं पेंड खातं, अशा अर्थाचं
तो काहीतरी ओहायोच्या बोलीत बोलला.
दार ज्या बाजूने उघडतं
दांडाही त्याच बाजूने.
नाहीतर आवरणाराच हाकणारा होतो.
(आणि दांडीची ती तार आधी सोड, मी म्हटलं.
त्याने सोडली. मुकाट्याने.)

दुसऱ्यांदा ते सरळ चाललं.
त्याने खिशातून एक पितळी डबी काढली,
बापाची, म्हणाला. आत एक बारीक तार.
डबी इंजिनावर टेकवायची, तार लांबवत न्यायची;
नेमक्या लांबीला तिचा पंखा होतो,
तिथला आकडा वाचायचा.
त्याने टेकवली.
तार सगळ्याच आकड्यांवर नाचली.
त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं,
मग मनगट धरणारा हातही.
इंजिन एका सुरात, अगदी एका सुरात चाललं होतं.

डबी त्याने माझ्या तळहातावर ठेवली
आणि गवताकडे बघत उभा राहिला.
बत्तीसशे, मी ओरडले.
जास्त नकोत, तो म्हणाला,
पात्यालाही जीव असतो.

संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच कापलं,
पट्टे वाकडे, मेपलभोवती एक बेट सोडून.
नगरपालिकेला चालेल तेवढं.

सोमवारी काऊंटरवर त्याची चिठ्ठी आली.
डॉक्टरांनी अर्धी गोळी वाढवली होती,
महिन्याभराने पाहू, असं खाली लिहून.
मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.
नखांत अजून काळं तेल होतं.