चार इंच

बंपरच्या मधोमध एक पट्टी आहे.
लोकांना वाटतं, सत्तार मिस्त्रीचं ठिगळ.
मिस्त्री भडकायचा:
माझं काम असं दिसतं का?
ही मॉरिस विलायतेहूनच आली, ठिगळासकट.

मग बिडी विझवून, उरलेली कानावर ठेवून
सांगायला लागायचा.
तिकडे लढाई चालू, पेट्रोल मोजून मिळायचं,
आणि एक माणूस रात्री जागून
कागदावर लहानशी गाडी काढत बसलेला.
कागदावरचं तिचं नाव मच्छर.
मालकाने पाहिली, तोंड वाकडं केलं:
गाडी आहे की उकळत्या पाण्यात फोडलेलं अंडं?

सगळं ठरलं. साचे झाले.
बंपर कापून, चकाकून, भिंतीला रांगेत उभे.
आणि या माणसाला झोप येईना.
काहीतरी अरुंद आहे.
त्याने गाडी उभी चिरायला लावली,
नाकापासून शेपटापर्यंत,
आपल्याकडे बाभळीचा ओंडका चिरतात तशी.
दोन फाका जमिनीवर सरकवल्या.
थोडं अजून. अजून. आता फार झालं, मागे घ्या.
चार इंचांवर म्हणाला, बस.
बंपर बिचारे होते तेवढेच राहिले.

मग लाखांनी निघाल्या.
दहा लाखावी जांभळी रंगवली होती, म्हणे.
भरताच्या वांग्यासारखी? मी विचारायचे.
छे, फिकी. वांग्याच्या फुलासारखी.

आमच्याकडची राखाडी.
जिनिंगचा मॅनेजर पारोळा सोडून गेला तेव्हा
एस्तेरबाई वाघचौरे नर्सने हप्त्यांवर घेतली.
बाई गाडी चालवते म्हणून
चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहायची,
दोनेक महिन्यांत बसून राहू लागली.
वळताना दाराशेजारच्या खांबातून
एक नारिंगी हात बाहेर यायचा,
वीतभर, पोटात दिवा असलेला.
बैलगाडीवाले त्याला रामराम घालायचे.
उजवा हात बाजाराच्या दिवशी एका म्हशीने नेला.
मिस्त्रीने बायकोचा कंगवा घेतला,
दाते कापले, घासला, बसवला.
बायको आठ दिवस बोलली नाही.

तिकडे कारखान्याने ही गाडी बंद केली
त्याच सुमाराची गोष्ट. मे महिना, रात्रीही झळा.
बहादरपूरहून माझ्या आईला घेऊन निघाल्या
आणि बोरीच्या कोरड्या पात्रात चाक रुतलं.
रेस देऊन देऊन इंजिन गप्प झालं,
पुढचे दिवे पिवळे पडले, मग तेही नाहीत.
शेजारची जिजामावशी ओरडली, आते कसं व माय!
एस्तेरबाईने पुढची सीट उलथवली,
मधल्या जागेत गुडघे टेकले
आणि म्हणाली, ते बटण उजवीकडे फिरव.
बॅटरीत उरलं होतं तेवढ्यावर
कंगव्याचा हात वर आला.
थोड्या वेळाने आपोआप पडायचा,
मावशी पुन्हा वर करायची.
काचेतून येणाऱ्या त्या नारिंगी उजेडात
आईने आधी माझे केस पाहिले.

गेल्या वर्षी मी टेप घेऊन गेले.
कडुनिंबाखाली उभी आहे ती,
बॉनेटवर लिंबोळ्या, आत कोंबडीचं खुराडं.
दोन सीटांमधली जागा मोजली,
मग दारापासून दारापर्यंत,
आणि सगळीतून चार वजा केले.
एस्तेरबाई अंगाने भरलेली होती.
मावली नसती.

मालेगावचा भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलाय.
पट्टीवर नखाने टकटक करून म्हणाला,
हा जोड कुणी मारला?
मी काही बोलले नाही.

मिस्त्रीला आता दिसत नाही.
आवाजावरून ओळखतो, हात पुढे करतो,
आणि दर भेटीला तेच विचारतो:
काय गं, भर नदीत उजवा हात काढून आलीस,
वळायचं कुठे होतं तुला?