पाटोद्याच्या माळावर

ज्वारी खळ्यावरून घरात आली की निघायचो आम्ही.
लिलावातली जीप, डाव्या बाजूला दार नाही.
तिथे मी, अर्धा जब्बारमामूंच्या मांडीवर
आणि अर्धा रस्त्यावर.
शेषेराव चालवायचे.
मागे विभूते कंपाउंडर, गुडघ्यांत पाण्याचा डेरा,
बारा बोअरची बंदूक, आणि लायसन
मेणकापडात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात.
तेव्हा कायदा आला नव्हता अजून.

केज, नेकनूर, मांजरसुंबा.
लिंबागणेशला जीपनं पाणी मागितलं, आम्ही चहा.
वाद एकच, दर साली तोच:
तितर बोलतो काय?
मामू म्हणायचे, सुभान तेरी कुदरत.
विभूते म्हणायचे, छे! किती उधार, किती उधार.
शेषेराव गिअर शोधत असायचे.

गायरानाच्या कडेला, जीपखाली झोपलो.
चांदण्या होत्या तेव्हाच उठवलं मला.
पाठ हिवराला टेकव, म्हणाले, आणि खोकायचं नाय.
गवत वाळून काडी झालेलं, पाय ठेवला की बोलायचं.
मामूंनी दोन्ही तळव्यांची ओंजळ केली,
तोंडाशी नेली
आणि म्हाताऱ्या माणसातून एक पक्षी बाहेर पडला.

थांबले.
ओढ्याच्या पलीकडून उत्तर आलं.

मामूंनी माझा दंड दाबला. पुन्हा साद.
पुन्हा उत्तर, जरा अलीकडून.
असं तासभर. पूर्वेला गुलाल झाला,
करवंदीच्या जाळीत मुंग्या माझ्या पायावर चढल्या,
विभूत्यांनी चाप कितीदा तरी चाचपला.
मामू पोटावर सरकत गेले पुढं,
तोही सरकत आला,
आणि तरवडाच्या एका झुडपाला
दोन्ही बाजूंनी दोन माणसं निघाली
तोंडाशी ओंजळ धरून.

तो आधी उठला नाही.
बंदूक पाहिली त्यानं, विभूत्यांचा खाकी कोट पाहिला.
हातातले फासे गवतात टाकले
आणि दोन्ही हात वर.
मामू हसत होते, बत्तिशी निसटेपर्यंत हसत होते,
त्याला कळेना हसायचं का.

बाबुशा काळे. शेषेरावांनी विचारलं, गाव कंचं?
हितलंच, म्हणाला, आणि हात फिरवला
डोंगरापासून डोंगरापर्यंत.
गायरान तर गावाचं होतं.
त्याला त्यातलं एकही गाव आपला म्हणत नव्हतं.

भाकरी, ठेचा, कांदा. तो जरा बाजूला बसून जेवला.
मंग आलास कशाला रं एवढा लांब, मामूंनी विचारलं,
ओळखू नाय आलं?
आलं की. शेवटाला दम सोडता तुमी.
तितर सोडत नाय.
मंग?
वाटलं, म्हातारं असंल.

विभूत्यांनी त्यालाही विचारलं, तितर बोलतो काय.
बाबुशानं घास गिळला.
हा माळ माजा, म्हणतो. दुसरं काय म्हणंल?

तेव्हाच ओरडला खरा,
आमच्या जीपच्या बॉनेटवर उभा राहून,
मान ताठ, छाती पुढे.
विभूत्यांनी बंदूक उचलली, शेषेरावांनी नळी धरली:
काच फुटंल!
तेवढ्यात तो उडाला, फर्रर्र, ओढ्याकडे.

निघताना म्हटलं, चल, सोडतो पाटोद्याला.
नको, म्हणाला बाबुशा.
जीपमधी बसलोय एकदा.
कुणी काही बोललं नाही. मामूंनी त्याला बिडीचं बंडल दिलं.

सडकेला लागलो तर मागून साद आली.
पक्षी असेल, तोही असेल.
मामू दार नसलेल्या बाजूनं बाहेर झुकले, ओंजळ केली,
आणि ह्या वेळी शेवटपर्यंत
दम धरला.

उत्तर आलं का, सांगता येत नाही.
शेषेरावांनी इंजिन बंद केलं नव्हतं.