अकरावा शब्द

ओउलूच्या ग्रंथालयात, दाराशी
सतरा बूट, बहुतेक मुठीएवढे.
अठरावा काढू देत नाही कुणीतरी.

येर्को रजेवर आहे, बापपणाच्या.
एरवी क्रेन चालवतो; उंचावर, एकटा.
दिवसाला दहा शब्द पुरतात त्याला.

आज पुस्तक फिरत फिरत त्याच्याकडे आलं.
पान चौथं: कुत्रा.
तूलिक्काबाई थांबल्या.
इल्मीनं गालिचा चावायचं सोडलं.

येर्को भुंकला.

आधी घशातल्या घशात,
मग असा, की सोमाली आजी दचकून हसली
आणि पाच बाळं एकदम त्याच्याकडे
रांगत निघाली.

परतताना उणे अठरा. रस्त्यावर चिटपाखरू नाही.
तरी त्यानं एकदा मागं वळून पाहिलं,
बाबागाडीत वाकला,
आणि खर्चून टाकला
अकरावा:

भू.